स्लॅबमधलं दुसरं होल

गुडगावच्या त्या काचेच्या इमारतीत मला फसवलं ते सबनीसने. इंटिरिअरवाल्या अरोराने नाही, बिल्डर चोप्राने नाही. ते दोघे माझ्याशी उघड भांडले, आणि उघड भांडणाऱ्या माणसाशी माझं जमतं. सबनीस साइट इंजिनिअर होता, मराठी होता, मला ताई म्हणायचा. त्याने मला मराठीत फसवलं. आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळातले लोक इतकी वर्षं मला सांगत आले आहेत की, जाऊ द्या, आपलाच माणूस आहे. मी जाऊ दिलेलं नाही. आता सगळं लिहूनच काढते.

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास त्या इमारतीच्या गार्डचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, आपका समंदर बाहर आ गया है।"

मयूर विहारहून गुडगावला पोचेपर्यंत साडेनऊ होऊन गेले. मेट्रो तेव्हा तिथपर्यंत गेलेली नव्हती. लॉबीत इटालियन मार्बलवर खारं पाणी पसरलेलं. ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं होतं, त्यामुळे तिन्ही लिफ्ट बंद. वरच्या मजल्यांवर कॉल सेंटर होतं. रात्रपाळीची पोरं-पोरी चपला-बूट हातात घेऊन जिन्याने उतरत होती आणि सकाळपाळीची तशीच चढत होती. अरोरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभा. मला बघताच त्याने हात कपाळाला लावला.

मी आधी टाकीकडे गेले. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच काच. आत जिवंत प्रवाळ आणि समुद्रातले मासे. मासे ठीक होते. प्रवाळ आखडले होते, पण जिवंत होते. पंप बंद पडला होता, आणि तो पडायलाच हवा होता. खालचं पाणी संपलं की पंप आपोआप थांबेल असा स्विच मीच बसवला होता. तो नसता तर पंपही जळाला असता.

मग एक गोष्ट दिसली. केशरी-पांढऱ्या क्लाऊनफिशची जोडी उजवीकडच्या दगडावर घुटमळत होती. त्या दगडावर त्यांचं सी ॲनिमोन असायचं. मराठीत समुद्रफूल म्हणतात, पण तो प्राणी आहे. बशीएवढा, मऊ, हाडं नसलेला. तो चालतो. जागा आवडली नाही की सरकत सरकत दुसरीकडे जातो. दगड रिकामा होता.

पाणी का आलं हे मला तिथेच अर्धं कळलं. उरलेलं अर्धं कळलं नाही, आणि त्याच अर्ध्यासाठी हे लिहिते आहे.

अकरा वाजता चोप्राच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. चोप्रा म्हणजे इमारतीचा मालक. सिंगापूरला जाऊन आला होता आणि तिथल्या एका लॉबीत त्याने समुद्र बघितला होता. त्या काळात नव्या गुडगावात प्रत्येकाला काहीतरी बाहेरचं बघून तसंच हवं असायचं. टेबलाच्या एका बाजूला चोप्रा, शेजारी अरोरा, कोपऱ्यात सबनीस. टेबलावर एक टाइप केलेलं पत्र. विषय, लॉबीतील पाण्याची दुर्घटना. कारण, ॲक्वेरियमच्या ड्रेनचा साइज अपुरा. जबाबदारी, डिझाइन करणारा व्हेंडर. खाली रेघ मारून माझं नाव, शिंदे, आणि सहीसाठी जागा. वर तयार करणाऱ्याची सही झालेली होती. सबनीस.

मी विचारलं, हे कधी लिहिलं? चोप्रा म्हणाला, सकाळीच. साडेनऊला हेड ऑफिसला आणि बाकी तीन साइटवर फॅक्सही गेला.

म्हणजे मी टाकीजवळ पोचायच्या आधी. टाकी बघितली नाही, पाइप बघितला नाही, आणि कारण ठरलं.

चोप्राने समजावणीच्या सुरात सांगितलं की सही करा, लिफ्टवाल्यांना काहीतरी कागद दाखवायला लागतो, प्रकरण मिटेल. नाही केलीत तर पुढच्या तीन इमारतींच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल. मी म्हटलं, सही केली तर तीनशे इमारतींच्या यादीतून निघेल. ड्रेन छोटा ठेवणारीला कोण काम देतं?

इथे थांबून मला माझा धंदा समजावून सांगायला हवा.

माझे वडील लष्करात हवालदार होते, साताऱ्याकडचे. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. त्यांच्या जुन्या काळ्या ट्रंकेत मी गप्पी पाळले होते. ट्रंक गंजून एके दिवशी खालून फुटली, घरभर पाणी झालं आणि मी मार खाल्ला. पाणी कुठून तरी बाहेर येणारच, हे मी तिथे शिकले. कॉलेजात काही शिकले नाही, कारण गेलेच नाही. लग्नानंतर मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत काचा चिकटवून टाक्या करायला लागले. आधी डॉक्टरांच्या वेटिंग रूम, मग हॉटेलं, मग गुडगाव. पाइपाचं काम माझ्याबरोबर सुरुवातीपासून इस्माईल मिस्त्री करतात. बुलंदशहरचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. माझा आवाज चढला की ते पाना पुसत बसतात.

मोठ्या टाकीतलं पाणी स्वच्छ ठेवायचं तर ते सारखं फिरवावं लागतं. ते टाकीतून खाली दुसऱ्या टाकीत जातं. तिला सम्प म्हणतात. तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर फेकतो. इथे टाकी लॉबीत होती आणि सम्प खाली बेसमेंटच्या पंपरूममध्ये. मध्ये लॉबीचा स्लॅब. टाकीच्या कडेला कंगव्यासारखे दात असलेली एक काचेची पेटी असते. पाणी तिच्यावरून सांडतं आणि पेटीतल्या पाइपांतून खाली जातं. ते पाइप म्हणजे ड्रेन.

हिशेब सोपा आहे. माझा पंप सेकंदाला अडीच लिटर पाणी वर फेकत होता. चार सेकंदांत एक बादली. जेवढं वर येतं तेवढं खाली गेलंच पाहिजे. थोडं कमी गेलं तरी उरलेलं लॉबीत येतं. म्हणून मी दोन पाइप ठेवते, दोन्ही दोन-दोन इंची. पहिला मेन. तो पूर्ण भरून वाहतो. स्कूटरमधलं पेट्रोल नळीने ओढून काढतात तसं पाणी त्यातून ओढलं जातं. आवाज नाही, बुडबुडे नाहीत. त्याला वर टाकीखालच्या कपाटात एक व्हॉल्व्ह असतो, वेग जुळवायला. दुसरा बॅकअप. त्याचं तोंड मेनपेक्षा एक इंच वर. एरवी तो कोरडा. मेन तुंबला की पाणी एक इंच चढतं आणि बॅकअपमध्ये पडतं. त्याला व्हॉल्व्ह ठेवायचाच नाही, कारण व्हॉल्व्ह असला की कधीतरी कोणीतरी तो बंद करतं.

माझा नियम असा की मेन बंद असेल तर एकट्या बॅकअपने पंपाचं सगळं पाणी नेलं पाहिजे. निम्मं नाही, सगळं. बरेच लोक बॅकअप बारीक ठेवतात. मेन अर्धाच तुंबेल असं ते धरून चालतात. मेन त्यांना विचारून तुंबत नाही.

अरोराला दुसरा पाइप नको होता. त्याला टाकीखालच्या कपाटात फुलदाण्या ठेवायला जागा हवी होती. तो म्हणाला, "मॅडम, एक ही मोटा डाल दो न, चार इंच का।" मी म्हटलं, चार इंचाचा पाइप तुंबला की एक पाइप तुंबतो, आणि माझ्याकडे असतो एकच. तासभर वाद झाला. शेवटी मी सौदा केला. कपाटाची उंची त्याच्या म्हणण्याप्रमाणे नऊ इंचांनी कमी केली. मागच्या काचेचा रंग त्याच्या आवडीचा, जो मला आजही भिकार वाटतो. बदल्यात दोन पाइप, स्लॅबमध्ये दोन वेगळी होलं, सम्पपर्यंत दोन वेगळ्या लाइन. ड्रॉइंगवर तिघांच्या सह्या घेतल्या, अरोरा, सबनीस आणि मी.

स्लॅबमध्ये होल पाडायचं ते कोअर कटिंग मशिनने. ते आणि स्लॅबखालची लाइन हे साइट इंजिनिअरचं काम. सबनीसचं.

तो जानेवारी होता. संक्रांतीला आमच्या मंडळाची बस दरवर्षी पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला जाते. त्या वर्षीही गेली. धुकं इतकं होतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. सबनीस आणि त्याची बायको माझ्या मागच्या सीटवर. काला अंबला उतरल्यावर सगळ्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला. सबनीसने माझ्या हातावर वडी ठेवली. मी म्हटलं, होलांचं काय झालं? सोमवारी मी बघायला येणार आहे.

तो म्हणाला, "दोन्ही झाली, ताई. लाइनपण टाकली. फॉल्स सीलिंग लागलंय आता, कशाला ते उघडायला लावता? मी आहे ना."

मी वडी तोंडात टाकली आणि बरं म्हटलं.

हेच मी दुसऱ्या कोणाला बोलू दिलं असतं का? नाही. फरीदाबादच्या एका इंजिनिअरचं पूर्ण सीलिंग मी उतरवायला लावलं होतं, फक्त एक जोड बघायला. इथे नाही लावलं. दिल्लीत आम्ही सगळे दिवसभर हिंदी बोलतो. घराबाहेर कोणी मराठीत 'मी आहे ना' म्हटलं की आम्ही मोजमापं बाजूला ठेवतो. माझंही तेच झालं.

सोमवारी मी पंपरूममध्ये गेले. भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले, सम्पच्या वर, शेजारी शेजारी. एकावर एम, एकावर बी, सबनीसनेच मार्करने लिहिलेलं. मला बरं वाटलं.

मग चाचणी. मेन बंद करायचा आणि बॅकअप सगळं पाणी नेतो का ते बघायचं. त्याला दोन ठिकाणी माणूस लागतो. व्हॉल्व्ह वर, सम्प खाली. बेसमेंटमध्ये मोबाइल लागत नव्हता, म्हणून गार्डचे वॉकीटॉकी घेतले. वर मी आणि इस्माईलभाई, बघायला चोप्रा आणि अरोरा. खाली सबनीस. तो आपणहून म्हणाला, मी जातो खाली.

इस्माईलभाईंनी मेनचा व्हॉल्व्ह बंद केला. पेटीतलं पाणी चढलं. एक इंच चढलं आणि बॅकअपमध्ये गडगडत पडायला लागलं. पातळी तिथेच थांबली. टाकीबाहेर एक थेंब नाही. मी वॉकीटॉकीवर विचारलं, "खाली काय दिसतंय?"

"येतंय ताई, जोरात येतंय," सबनीस म्हणाला. "बॅकअपमधून मस्त येतंय."

गार्डला मराठी कळत नव्हतं, पण सूर ऐकून तो हसला. चोप्राने टाळ्या वाजवल्या. ठरलेल्या तारखेला उद्घाटन झालं. नंतरचे चार महिने मेन चालला, बॅकअप कोरडा राहिला, जसं व्हायला हवं तसं. त्या चार महिन्यांत आम्ही बॅकअप पुन्हा चालवून बघितला नाही. चोप्राला लॉबीत गडगडाट नको होता आणि मी आग्रह धरला नाही. हेही लिहून ठेवते, म्हणजे कोणी म्हणायला नको.

आता त्या शनिवारच्या केबिनमध्ये परत येते.

पत्र समोर होतं. मी त्याला हात लावला नाही. चोप्राला म्हटलं, तुमच्या टाकीत एक समुद्रफूल होतं. ते काल रात्री किंवा आज पहाटे कंगव्याच्या दातांतून पेटीत शिरलं आणि पाइपात गेलं. हाडं नसतात त्याला, बोटभर फटीतून जातं. तर मेन तुंबला. मान्य. असं होतं म्हणूनच मी बॅकअप ठेवते. आता मला सांगा, एक समुद्रफूल दोन पाइप एकाच वेळी कसं तुंबवेल?

अरोरा म्हणाला, शायद बॅकअप छोटा पडा होगा. मी म्हटलं, दोन्ही एका मापाचे आहेत, आणि चाचणीत बॅकअपने एकट्याने सगळं पाणी नेलं तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. पाणी तेच, पंप तोच, पाइप तोच. मग आज काय बदललं?

सबनीस खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला काला अंबची ती वडी आठवली. एकदम आठवली. दोन पाइप एकदम तुंबायला एकच रस्ता आहे. ते दोन नसतील तर.

मी ओरडले नाही. ओरडायचं असतं तेव्हा मी ओरडतेच, पण सौदा करताना आवाज खाली ठेवायचा असतो. मी चोप्राला म्हटलं, मला अर्धा तास द्या. मी एक बादली पाणी बॅकअपमध्ये ओतते. ते खाली बॅकअपच्या तोंडातून आलं तर मी या पत्रावर सही करते, तीन इमारती सोडते आणि लॉबीचा मार्बल माझ्या माणसांकडून पुसून देते. दुसरीकडून आलं तर सही मी करणार नाही. कोण करेल ते तुम्ही ठरवा.

चोप्राला पैज आवडायची. तो उठला. म्हणाला, "चलिए, देखते हैं।"

या वेळी मी खाली उभी राहिले.

माझ्याबरोबर आलेल्या इस्माईलभाईंना वर पाठवलं. माझ्या गाडीत माशांचं औषध कायम असतं, मिथिलीन ब्लू. माशांना बुरशी लागली तर घालतात. चमचाभर टाकलं की बादली शाईसारखी निळी होते. खाली सम्पमध्ये ते जाऊ नये म्हणून भिंतीतल्या दोन्ही तोंडांखाली दोन पांढऱ्या बादल्या ठेवल्या. एम-खाली एक, बी-खाली एक. इस्माईलभाईंना वॉकीटॉकीवर सांगितलं, मेनचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. चोप्राने एक माणूस वर पाठवून तो बंद असल्याची खात्री करून घेतली. शहाणा माणूस. मग बॅकअपमध्ये नरसाळं लावून निळं पाणी हळूहळू ओतायला सांगितलं. तुंबलेल्या पाइपातूनही पाणी बाजूने झिरपतंच. मला धार नको होती, रंग हवा होता.

"डाल रहा हूँ," वरून आवाज आला.

पंपरूममध्ये आम्ही चौघे. चोप्रा, अरोरा, सबनीस, मी. थांबलो. काही नाही. एक मिनिट, दीड मिनिट.

तेव्हा सबनीस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, जरा बाहेर या. दोन मिनिटं बोलू. आपल्यातच मिटवता येईल."

इतक्या वर्षांत मी पुष्कळांना पुष्कळ बोलले आहे. पण त्या दिवशी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी मोठ्याने म्हटलं, "सबनीसजी, जो कहना है हिंदी में कहिए। यहाँ सबको समझना चाहिए।"

तो परत जागेवर गेला.

आधी एक थेंब पडला. मग बारीक धार. निळी. ती एमच्या तोंडातून येत होती. व्हॉल्व्ह बंद असलेल्या मेनच्या तोंडातून. बीखालची बादली पांढरीच राहिली.

अरोरा वाकून बघायला लागला. त्याला लगेच कळलं नाही. चोप्राला कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढे झाले, बीचा पाइप दोन्ही हातांनी धरला आणि पिळला. तो निघाला. हातभर पाइप. मागच्या टोकाला टोपण बसवलेलं, भिंतीतल्या भोकात नुसता खोचलेला, बाजूने पांढरं सिमेंट. आतून कोरडा, धुळीने भरलेला. चाचणीच्या दिवशी त्यातून मस्त पाणी येत होतं म्हणे.

चोप्राने विचारलं, "ये क्या है, सबनीस?"

"सर, टेम्पररी था।"

मग सगळं बाहेर आलं. पहिलं होल पाडलं. दुसऱ्याच्या जागी मशिनला सळई लागली. जागा बदलायची तर स्ट्रक्चरल कन्सल्टंटची परवानगी हवी, त्याला तीन आठवडे. उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. शिवाय मशिनचं पातं लहान होतं, पहिल्या होलातूनही दोन इंचाचा पाइप जात नव्हता. मग दोन्ही पाइप स्लॅबच्या वर, मार्बलच्या खाली, एका जोडात आणले आणि दीड इंचाचा एकच पाइप खाली सोडला. पंपाचं पाणी त्यातूनही गेलं, कारण एका मजल्याच्या उंचीचा जोर होता. म्हणून माझी चाचणी पास झाली. ती वरच्या तुकड्याचीच चाचणी होती. पाणी बॅकअपच्या तोंडातून गेलं, खालच्या एकाच गळ्यातून उतरलं आणि मेनच्या तोंडातून बाहेर आलं. ते एकच माणूस बघत होता.

सबनीस म्हणत होता की उद्घाटनानंतर तो दुसरं होल करणारच होता. मला वाटतं, हे खरंही असेल. तो चोर नव्हता. त्याला तारीख गाठायची होती आणि मला सांगायची भीती वाटत होती, कारण मी आरडाओरडा केला असता. केलाच असता. आरडाओरडा एक दिवस चालला असता.

दुपारी इस्माईलभाईंनी जोडाजवळचा मार्बल उचलला. दीड इंचाच्या गळ्यात समुद्रफूल अडकलं होतं. त्यांनी ते चमच्याने, नखांनी, अर्ध्या तासात मोकळं केलं. अर्धंच निघालं. समुद्रफुलाचं अर्धंही पुन्हा वाढतं. ते मी वेगळ्या टाकीत ठेवलं, ते तगलं आणि दोन महिन्यांनी त्याच दगडावर परत गेलं. क्लाऊनफिशनी त्याला लगेच ओळखलं.

परवानगी आली, दुसरं होल झालं, पहिलंही मोठं केलं. या वेळी मी सीलिंग उघडं असताना टॉर्च घेऊन शिडीवर चढले आणि दोन्ही पाइप हाताने चाचपून टोकापर्यंत गेले. ती टाकी पुढे नऊ वर्षं चालली. त्यानंतर माझ्या प्रत्येक कामात बॅकअपची चाचणी रंगीत पाण्याने होते, खालच्या टोकाला मी स्वतः असते, आणि जो पाइप मी शेवटपर्यंत बघितला नाही तो मी मोजत नाही. धंद्याचा धडा म्हणाल तर एवढाच. तो मला फुकट मिळाला नाही.

पण ते पत्र.

चोप्राने माझ्यासमोर त्याची प्रत फाडली आणि म्हणाला, "आपकी गलती नहीं थी।" तोंडी. फॅक्स मात्र चार ठिकाणी गेलेला होता. मी म्हटलं, दुसरा फॅक्स पाठवा. तो म्हणाला, पाठवू. सबनीसला नोएडाच्या साइटवर बदली मिळाली, वरच्या पोस्टवर. पुढच्या वर्षी नोएडाच्याच एका आर्किटेक्टने माझं ड्रॉइंग बघून विचारलं, "मॅडम, सुना है आपके ड्रेन छोटे पड़ते हैं?" मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते काम मिळालं नाही. नंतरही दोन-तीनदा हेच ऐकलं. दुसरा फॅक्स कधी गेलाच नाही. मी सबनीसला तीनदा पत्र लिहिलं. उत्तर नाही. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, ते पूजेत आहेत.

आता सबनीस रिटायर झाला आहे. संक्रांतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसतो. काला अंब जवळ आलं की माइक हातात घेतो आणि मंडळातल्या पोरांना सांगतो, आपले लोक इथे कसे परमुलखात एकमेकांच्या भरवशावर उभे राहिले. दिल्लीत जन्मलेली, मुनिरकाच्या खोल्यांतून परीक्षांचा अभ्यास करणारी, कॅन्टोन्मेंटमधली, सगळी पोरं ऐकतात. आवाज चांगला आहे त्याचा.

तर सबनीस, यंदाच्या बसमध्ये मी तुमच्या मागच्या सीटवर असेन. तो हातभर पाइप माझ्या टेबलावर असतो, टोपणासकट. तो बरोबर आणीन. इतिहास सांगून झाला की माइक ठेवू नका. त्या स्लॅबमध्ये होलं किती होती, मला किती सांगितली, आणि ड्रेन छोटा होता असं लिहिलेल्या कागदावर सही कोणाची, एवढं सगळ्यांना सांगा. मराठीतच सांगा. मग तिळगूळ घेईन.